कोजागरीचा सिनेमा

आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत कोजागरीच्या रात्री तरुण मंडळ सिनेमा दाखवतं. नावात ‘तरुण’ असलं तरी निम्म्या कार्यकारिणीला आता मांडी घालून बसता येत नाही. गंगावेशीतून दूध येतं, वाड्याच्या भिंतीला मांजरपाटाचा पडदा लागतो. आणि सिनेमा कुठला, हे गेल्या कोजागरीपासून या कोजागरीपर्यंत कोण गेलं त्यावर ठरतं. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण फळ्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली ‘आजचा सिनेमा’ अशा ओळी एकाच हातानं, एकाच खडूनं लिहिल्या जातात.

आधी दोन मिनिटं मौन. ते कधीच दोन मिनिटं टिकत नाही. पोरं फिस्कन हसतात, नाहीतर दूध उतू जायला आलेलं असतं. खरी श्रद्धांजली सिनेमा चालू असताना वाहिली जाते, असं मला वाटतं. जुलै २००९ मध्ये निळू फुले गेले. त्या कोजागरीला ‘सामना’ लावला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव पडद्यावर आला की पुरुष मंडळी ‘हा आपल्यातला कोण?’ यावर कुजबुजत होती. आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाला उमेदवार भरपूर. बायकांनी मात्र फुल्यांना सवयीनं शिव्या घातल्या. मग गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, की हा माणूस राष्ट्र सेवा दलातला, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. एक आजी म्हणाल्या, “मग सांगायचं न्हाई व्हय आधी? इतकी वर्सं बोटं मोडली की मी.”

‘पिंजरा’ आमच्याकडे तीनदा झाला. पहिल्यांदा २०११ ला, जगदीश खेबुडकर गेले तेव्हा. खेबुडकर कोल्हापूरचेच, त्यामुळे ते आपल्याशी बोलले होते असं सांगणारे प्रत्येक घरात निघाले. त्या वर्षी सिनेमा कुणी बघितला नाही, ऐकला. गाणं आलं की आवाज मोठा आणि मधल्या संवादांत गप्पा. दुसऱ्यांदा श्रीराम लागूंसाठी. ते गेले डिसेंबर २०१९ ला, पण पुढच्या दोन्ही कोजागरी करोनात गेल्या, त्यामुळे त्यांची पाळी आली २०२२ मध्ये. तोवर फळ्यावरची यादी इतकी लांबली होती की अक्षरं बारीक करावी लागली. फेब्रुवारीत रमेश देव गेले होते आणि चारच दिवसांनी लता मंगेशकर. लताबाईंसाठी सिनेमाआधी गाणी लावली, तीही त्यांनी ‘आनंदघन’ नावानं भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना दिलेल्या चालींची. निवड मास्तरांची. पोरांना वाटलं आनंदघन म्हणजे कुणी बुवा असणार.

२०२३ च्या कोजागरीला ग्रहण होतं. वेधात दूध प्यायचं की नाही यावर जो वाद झाला, त्यात सिनेमाचा वाद बुडून गेला. नाहीतर तो जोरात होता. विक्रम गोखले, सुलोचनाबाई, रवींद्र महाजनी, सीमा देव, सगळे एकाच वर्षात. आणि महिला मंडळाला हवा होता ‘बाईपण भारी देवा’, जो त्यांनी जुलैमध्ये टेम्पो ट्रॅक्स करून, एकसारख्या साड्या नेसून बघितला होता. शेवटी ‘एकटी’ लागला, कारण सुलोचनाबाई निपाणीजवळच्या खडकलाटच्या आणि भालजींच्या तालमीत वाढलेल्या, म्हणजे आमच्याच. त्यातला मुलगा काशिनाथ घाणेकर. पुढे तो खरोखरच त्यांचा जावई झाला, ही बातमी दरवेळी कुणाला तरी नवीन असते.

गेली दोन वर्षं मात्र कमालच झाली. २०२४ ला कोजागरीच्या दोन दिवस आधी अतुल परचुरे गेले. २०२५ ला पुन्हा दोनच दिवस आधी ‘पिंजरा’ची नायिका संध्या. ठरलेला सिनेमा रद्द, ‘पिंजरा’ तिसऱ्यांदा. आता लागू नाहीत, फुले नाहीत, संध्याही नाही. त्या ऑगस्टमधली यादी वेगळीच होती : ज्योती चांदेकर, अच्युत पोतदार, प्रिया मराठे. पोतदारांना पोरं ओळखतात ती मोबाइलवर फिरणाऱ्या एका वाक्यामुळे. प्रिया मराठेचं वय अडतीस ऐकून बायका पातेल्यात पळी ढवळायच्या थांबल्या. ती रोज संध्याकाळी मालिकेतून घरात येणारी.

तरी त्या रात्री ‘पिंजरा’पेक्षा जास्त बोलणं झालं ते ‘दशावतारा’वर. सिनेमा सप्टेंबरात आलेला, सगळ्यांनी थिएटरात बघितलेला. एक्याऐंशीव्या वर्षी दिलीप प्रभावळकरांनी अख्खा सिनेमा खांद्यावर घेतला, यावर एरवी कशावरही एकमत न होणारी आमची गल्ली ठाम होती. त्यावर आजी म्हणाल्या, “मग त्यांचा लावा की आता. कशाची वाट बघताय?” थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, नियमात बसत नाही. नियम कुठाय, असं विचारल्यावर त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ खाली जित्या माणसाचं नाव कसं लिहायचं, हा त्यांचा मुद्दा मला तरी बरोबर वाटला. तर २०२६ साठी दुसरा फळा घ्यायचा ठराव झाला आहे. भांडण आता इतकंच उरलंय, की मास्तरांना ‘चौकट राजा’ हवाय आणि पोरांना तात्या विंचू.