सीडीतला एक्काहत्तरावा कॉल

केस लाचेची, आशील सरकारी इंजिनिअर. ओळख पटेल असे तपशील इथे बदललेत. दोषारोपपत्राला जोडलेल्या उताऱ्यांत टॅप केलेले जेमतेम चार कॉल होते, सीडीत मात्र दोन महिन्यांचं सगळं बोलणं. सिनियर म्हणाले, "सगळी ऐक. सरकार पक्षानं गाळलेलंच आपल्या कामाचं निघतं."

रविवारी इअरफोन घालून बसले. गॅसचा नंबर, दूधवाल्याची उधारी, साडूशी भांडण. एक्काहत्तराव्या कॉलवर आशिलाची बायको. तिचा रिचार्ज संपलेला, म्हणून नवऱ्याच्या फोनवरून बहिणीला सांगत होती, "पाटल्या गहाण ठेवल्यात गं, दादाच्या ऑपरेशनला. ह्यांना कळू देऊ नकोस." मागे कुकरची शिट्टी. मी वहीत 'असंबद्ध' लिहिलं आणि पुढचा कॉल लावला.

सोमवारी उलटतपास. आमची सगळी भिस्त टॅपिंगच्या आदेशावर. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचं कलम ५(२) म्हणतं, सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, यांतलं काहीतरी असल्याशिवाय फोन ऐकता येत नाही. (आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय, पण कलम २० मध्ये हे शब्द आहेतच.) या अधिकाराला लगाम बसायला १११ वर्षं लागली. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलं: आदेश गृहसचिवाचा, मुदत दोन महिने, वाढवून फार तर सहा, आणि वर आढावा समिती. पुढे हेच टेलिग्राफ नियमावलीतल्या ४१९-अ या नियमात उतरलं.

आमच्या आदेशात कलमातलंच वाक्य उतरवून खाली सही ठोकलेली. साक्षीला तपास अधिकारी.

"दहा लाखांच्या लाचेनं सार्वजनिक सुरक्षिततेला कोणता धोका होता?"

"ते वरिष्ठांनी ठरवलं."

"आदेश आढावा समितीपुढे गेला?"

"गेला असेल."

"त्याचा कागद?"

"मंत्रालयात असेल."

न्यायाधीशांनी स्टेनोला 'असेल' हा शब्द दोन्ही वेळा जसाच्या तसा घ्यायला लावला. मला आतून गुदगुल्या झाल्या.

पण सरकारी वकील मुरलेले. त्यांनी मलकानी खटला काढला. मुंबईच्या कोरोनरच्या (अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) लाचेचं प्रकरण, १९७२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल: पुरावा गैरमार्गानं मिळाला तरी मुद्द्याशी संबंधित असेल तर चालतो. मी म्हटलं, तिथे बोलणाऱ्या डॉक्टरनं स्वतःच रेकॉर्डिंगला संमती दिली होती, इथे कुणी दिली? मग मी विनीत कुमार खटला पुढे केला. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं लाचेच्याच प्रकरणात टॅपिंगचे तीन आदेश रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं होतं, खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार घेऊन.

साहेबांनी दोघांचं ऐकलं आणि हरकत नोंदवून सीडीला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, दिली. ग्राह्य की नाही, ते अंतिम युक्तिवादाच्या वेळी. म्हणजे तोवर ती रेकॉर्डवर राहणार.

जिन्यात आशिलानं गाठलं. "मॅडम, त्या सीडीची एक प्रत मला काढून द्या. काय काय ऐकलंय यांनी, बघू तरी." मागितलं ते त्याच्या हक्काचंच होतं. मागे बायको डब्याची पिशवी घेऊन उभी, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या.

"ऑफिसात आहे," मी म्हटलं. "पुढच्या तारखेला बघू."

सीडी माझ्या पर्समध्ये होती.