हक्काचा बोनस आणि नावानिशी कौतुक

आज आमच्या कारखान्यात गुणगौरवाचा कार्यक्रम झाला. कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस हक्काचा ठरवलेला असल्यामुळे दिवाळीत तो हाती पडला म्हणून कुणी हरखून जात नाही. लांबला तर मात्र गेटसभा ठरलेली. आज देखभाल विभागातील एका फिटरने कंप्रेसरच्या लाइनमधील हवेची गळती शोधून विजेचा खर्च कसा वाचवला, हे व्यवस्थापकांनी त्याच्या कुटुंबासमोर तपशीलवार सांगितले, आणि वडील नेमके काय काम करतात हे त्याच्या मुलीला बहुधा पहिल्यांदाच कळले. ‘महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी’ म्हणून पाळीपाळीने लागणारे फोटो मला कधीच पटले नाहीत. बक्षिसाची रक्कम मात्र वाढवायला हवी, असे मी साहेबांना जेवताना सांगितले.