फॉरमॅट मारून भागत नाही!

काकूंचा पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून आला तो व्हायरस घेऊनच. उघडला तर प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट, आयकॉनच्या कोपऱ्यात तो छोटा बाण. लग्नाचे फोटो गेले म्हणून काकू हवालदिल. गेलं काहीच नव्हतं. हा प्रकार खरे फोल्डर नुसते लपवतो. पेनड्राइव्ह फॉरमॅट करा नाहीतर गंगेत बुडवा, मूळ दुखणं आता कॉम्प्युटरमध्ये शिरलेलं. परत लावला की शॉर्टकट हजर! शेवटी टास्क मॅनेजरमधून डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजचा प्रोग्रॅम, व्हायरस त्याच्याच जिवावर चालतो) बंद केलं, स्टार्टअप फोल्डरमधली, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालणारी, व्हायरसची व्हीबीएस फाइल उडवली, मगच फाइल लपवण्या-दाखवण्याच्या अ‍ॅट्रिब कमांडने लपलेले फोल्डर बाहेर काढले. क्रम चुकला की मेहनत पाण्यात. अँटिव्हायरसचा फुल स्कॅन अजून रांगतोय, आणि काकूंनी तेवढ्यात मोबाइलही पुढे केलाय, "हा पण जरा बघ रे."