पुराच्या अलीकडे, पुराच्या पलीकडे

गेल्या काही महिन्यांपासून सांगली, मिरज आणि तासगाव परिसरातील लोकांच्या करोनाकाळातील आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम मी सवडीनुसार करतो आहे. सुरुवातीला वीस प्रश्नांची छापील यादी घेऊन जात होतो आणि ती यादीच आड आली. टाळेबंदीचा काय परिणाम झाला असे विचारले की समोरचा माणूस आकाशवाणीवर मुलाखत द्यावी तसा सावरून बसायचा आणि वर्तमानपत्रात येऊन गेलेलेच ऐकवायचा. पहिल्या चार मुलाखतींपैकी एकीत तर छताच्या पंख्याची घरघर तेवढी स्पष्ट ऐकू येते.

यादी घरी ठेवली तेव्हा लक्षात आले, की इथली माणसे तो काळ तारखांनी मोजतच नाहीत. त्याच्या अलीकडे ऑगस्ट २०१९ चा महापूर आहे, पलीकडे जुलै २०२१ चा, आणि मधले सगळे या दोन पाण्यांच्या मापाने सांगितले जाते. "पहिल्या पुरातनं सावरतोय तवर कुलूप लागलं," असे एका दुकानदाराने सांगितले. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून किती वर गेली हे त्यांना तोंडपाठ होते. लस कधी घेतली ते मात्र आठवेना. त्यामुळे आता मी 'तुमच्या घरात पाणी कुठवर आले होते?' इथूनच सुरुवात करतो.

तासगावकडे हेच माप द्राक्षाचे. मार्च २०२० मध्ये ऐन काढणीत व्यापारी यायचे थांबले. माल वेलीवर ठेवून भागत नाही, कारण घड उतरवल्याशिवाय एप्रिलची खरड छाटणी होत नाही आणि ती लांबली की पुढच्या हंगामाची घडनिर्मिती बिघडते. म्हणून अनेकांनी खायच्या द्राक्षाचाच बेदाणा टाकला. एक बागायतदार टाळेबंदीविषयी दोन वाक्यांपलीकडे बोलले नव्हते. बेदाण्याचा विषय काढताच पुण्याहून परतलेली मुले द्रावणात घड बुडवून जाळ्यांवर कशी पसरत होती हे ते तासभर सांगत राहिले, आणि त्याच ओघात, पुढच्या वर्षी त्याच शेडमध्ये उभे असताना भाऊ गेल्याचा फोन आला, हेही सांगून गेले.

मार्च २०२० च्या अखेरीस इस्लामपुरात रुग्ण सापडल्यावर तिथल्या माणसांना नुसत्या गावाच्या नावावरून काय सोसावे लागले, ते ऐकल्यापासून मी कोणाचे नाव किंवा गल्ली लिहून घेत नाही. ध्वनिमुद्रण आधी त्यांनाच ऐकवतो. नको म्हणाले तर पुसतो.

मिरजेच्या पूर्वेकडील एका आजींनी बोलण्याऐवजी दुधाच्या हिशेबाची वही पुढे केली. मे २०२१ च्या पानावर सकाळ-संध्याकाळचे लिटर, आणि समासात ऑक्सिजनचे आकडे: ९५, ९४, ९४, ९१. हे आजोबांचे टपोरे अक्षर. शेवटचा ८६ सुनेच्या हातचा. त्याखाली समास कोरा आहे, लिटर मात्र रोजच्या रोज लिहिलेले आहेत.

मी पान मागितले. आजींनी वही आपल्याकडे ओढून घेतली. "फोटो काढ बाळा, पान नगं फाडू. मागल्या अंगाला उधारी हाय, ती अजून यायची हाय."