माझ्या एका ‘चूक’वर तो वळायचा

कार्ड जुळवण्याची चाचणी घेताना नियम सांगायचा नसतो. टेबलावर चार कार्डं मांडलेली. हातातलं कार्ड रंगावरून लावायचं, आकारावरून की संख्येवरून, हे समोरच्याने आपल्या ‘बरोबर’, ‘चूक’ एवढ्यावरून ओळखायचं. सलग १० बरोबर आली की एक टप्पा संपतो आणि आपण न सांगता नियम बदलतो; असे सहा टप्पे. जुन्या नियमाला धरून केलेल्या चुका वेगळ्या मोजायच्या. विचार कुठे अडतो ते या चाचणीत डोळ्यांना दिसतं, म्हणून ती मला फार आवडते.

त्या दिवशीच्या कैद्याला ओळखीच्या बाईवर बलात्कार केल्याबद्दल शिक्षा झाली होती. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, “यांची डोकी सगळी सारखीच, ताठर.” असं सरसकट बोललेलं मला खपत नाही. आणि हा माणूस तर एका ‘चूक’वर नव्या नियमाकडे वळत होता. १२८ कार्डं संपायच्या कितीतरी आधी सहाही टप्पे पूर्ण.

मग मुलाखत. “ती काहीच बोलली नाही, मॅडम. म्हणजे तिची हरकत नव्हती.” भीतीने माणूस थिजतो, आवाज फुटत नाही, हे मी समजावलं. तिच्या जबानीतलं तेच वाक्य वाचून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मग मला कसं कळणार?”

माझ्या आवाजातला बदल त्याला लगेच कळत होता. तिचं थिजणं त्याला दिसलं नाही, की दिसूनही त्याने आपल्या सोयीचा अर्थ लावला? कार्डं याचं उत्तर देत नाहीत.

अहवालाच्या नमुन्यात मात्र एक रकाना ठळक आहे: पश्चात्ताप आहे / नाही. १९९८ साली हॅन्सन आणि ब्युसिएर या संशोधकांनी ६१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा गुन्हा नाकारण्याचा पुढच्या लैंगिक गुन्ह्याशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नव्हता. धोका मोजायच्या ‘स्टॅटिक-९९’मध्ये १० मुद्दे आहेत: वय, आधीच्या शिक्षा, पीडित व्यक्ती अनोळखी होती का, असे. पश्चात्ताप त्यात नाही. तरी वरच्यांना आधी तोच रकाना हवा असतो. रडून दाखवणारे सुटतात, याचा मला मनापासून राग येतो.

मी तो रकाना रिकामा ठेवला आणि शेजारी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. अहवाल परत आलाय. शेरा एवढाच: रकाना भरावा.