तुम्ही विचारलंत म्हणून: ‘असमाधानकारक’ हा शेरा मी का लिहिला

लेखी परीक्षेत सातत्याने वरच्या क्रमांकात येणाऱ्या एका निवासी डॉक्टरच्या प्रत्यक्ष कामाला मी ‘असमाधानकारक’ का ठरवले, हे मला अनेकांनी विचारले आहे आणि त्या विचारण्यात बहुधा ‘तुमचा काही राग होता का’ हा उपप्रश्न दडलेला असतो. राग नव्हता. त्याची बुद्धी मला तेव्हाही मान्य होती, आजही आहे.

त्या दिवशी मी त्याचे मिनी-सीईएक्स (Mini-CEX) पद्धतीने निरीक्षण करत होते, म्हणजे तो रुग्ण तपासत असताना पंधरा-वीस मिनिटे शेजारी उभे राहायचे आणि लगेच त्याच्याशी बोलायचे. रुग्ण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा होता. परिचारिकेने ‘हे सकाळपेक्षा वेगळे दिसतात’ असे त्याला दोनदा सांगितले होते. त्याने कागदावर श्वसनाचा वेग १८ लिहिला. मी घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजला, तो ३२ होता. आधीची पाने उलटली, तर त्याच्या हस्ताक्षरात प्रत्येक रुग्णापुढे १८ हाच आकडा होता. मग मी वेग वाढण्याची कारणे विचारली. न्यूमोनिया, फुप्फुसातील रक्ताची गुठळी, जंतुसंसर्गाने होणारा सेप्सिस, सारे त्याने न अडखळता सांगितले. जे त्याला तोंडपाठ होते ते समोरच्या खाटेवर घडत असण्याची शक्यता होती आणि त्याने वरिष्ठांना कळवलेले नव्हते. रुग्णाला आम्ही लगेच अतिदक्षता विभागात हलवले आणि तो वाचला, पण माझा शेरा त्या निकालावर अवलंबून नव्हता. त्यानंतर मी त्याला वेगवेगळ्या रुग्णांसोबत पुन्हा पाहिले आणि तपासणी न करताच नोंद करण्याची सवय पुन्हा दिसली.

विभागप्रमुखांनी त्याची आधीची मूल्यमापनपत्रे माझ्यापुढे ठेवली. नऊ गुणांच्या पट्टीवर सगळीकडे सात-आठ होते. ज्यांनी ते दिले होते, त्यांपैकी काहींनीच मला खासगीत ‘त्याच्यावर रात्री वॉर्ड सोडवत नाही’ असे सांगितले होते. शेरा वाचल्यावर तो रडला नाही, भांडलाही नाही. ‘मॅडम, हे मला आधी कोणीच का सांगितले नाही?’ एवढेच त्याने विचारले. मला त्याला उत्तर देता आले नाही, कारण खरे उत्तर देणे म्हणजे माझ्या सहकाऱ्यांवर त्याच्यासमोर आरोप करणे होते.

मी स्वतः एकेकाळी या साऱ्याच्या विरोधात होते. एका माणसाच्या नजरेवर कोणाचे भवितव्य टांगू नये, १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डेन यांनी मांडलेल्या ऑस्कीसारख्या, सर्वांना सारखेच प्रसंग देणाऱ्या परीक्षेवरच विसंबावे, असे मी आग्रहाने म्हणत असे. एखाद्याचा एक गुण आवडला की त्याचे बाकीचे गुणही चांगलेच दिसू लागतात, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते आणि नावडीच्या बाबतीतही तेच घडते. हा युक्तिवाद मी आजही खोडू शकत नाही. शिवाय एका रुग्णाबाबत दिसलेले कौशल्य दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाबाबत दिसेलच असे नसते, म्हणून एका निरीक्षणाला फारसे वजन नाही; अनेक निरीक्षक हवेत, अनेक प्रसंग हवेत. पण वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये सांगितलेल्या डॉक्टरच्या क्षमतेच्या चार पायऱ्यांपैकी शेवटची, म्हणजे रोजच्या कामात डॉक्टर खरोखर काय करतो ही, परीक्षेच्या खोलीत दिसत नाही. श्वास मोजण्यालाच गुण असलेल्या परीक्षेत त्यानेही तो मोजलाच असता. आणि अनेक निरीक्षक असूनही प्रत्येकाने सात-आठच लिहिले, तर त्या अनेकत्वाचा उपयोग काय?

त्याचे प्रशिक्षण सहा महिन्यांनी वाढले. पुढच्या मार्गदर्शकांना मी त्याची नेमकी उणीव कळवली, तेव्हा ‘तुम्ही त्याच्यावर शिक्का मारून पाठवलात’ असे मला ऐकावे लागले. त्या आक्षेपात तथ्य आहे, कारण आधी ऐकलेली गोष्ट पाहणाऱ्याची नजर वळवते; न कळवावे, तर नवा मार्गदर्शक पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो आणि मधल्या काळात किंमत रुग्ण मोजतो. त्या मार्गदर्शकांनी शेवटी ‘समाधानकारक’ लिहिले. तो सुधारला म्हणून, की आपल्याकडे पाहिले जात आहे हे त्याला ठाऊक होते म्हणून, हे मला सांगता येत नाही. शेरा मात्र मी आजही तोच लिहीन.