पिवळा पट्टा

मुलांचा उन्हाळी कॅम्प बामणोलीला, शिवसागरच्या म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी. पण मुलांना पाण्यात कितपत सोडायचं, हे मी आधी साताऱ्यातल्या पोहण्याच्या तलावावर चाचणी घेऊन ठरवतो. मे महिन्यात कोयनेचं पाणी उतरलेलं असतं, काठाला चिखल. मुळात ती बुडालेली दरी, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की तळ सुटतो. वर कोमट लागतं, खाली पायांना एकदम गार. धरायला कठडा नाही.

म्हणून माझ्या चाचणीत वेग मोजत नाहीत. अंगात टी-शर्ट, गॉगल काढलेला. खोल बाजूला उडी मारायची, वर यायचं, मिनिटभर जागच्या जागी तरंगायचं, वळून काठ शोधायचा, 25 मीटर पोहायचं आणि शिडी न धरता बाहेर यायचं. सगळं सलग. मुलं अडकतात ती त्या एका मिनिटात. उन्हाळी क्लासवाले ते शिकवतच नाहीत. पालकांना दाखवायला त्यांना फ्रीस्टाईल पुरते.

यंदा नववीतला एक मुलगा आला, स्पर्धांतली पदकं मिळवलेला. उडी मारून वर आला तो थेट सुटलाच. हात इतके सुंदर पडत होते की बघत राहावं. मी शिटी मारून थांबवलं आणि तो पाण्यात उभा झाला. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, दोन्ही हात पसरून पाणी खाली दाबतोय. आवाज नाही. वडील काठावरून शूटिंग करत होते, त्यांना वाटलं दम खातोय. बुडणारं माणूस असंच दिसतं. श्वासालाच तोंड पुरत नाही, हाक कुठून मारणार? मी बांबू पुढे केला.

त्याच्यामागची मुलगी कोरेगावकडची, पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेली. मान वर काढून सावकाश पोहली, पण मिनिटभर उताणी निवांत पडून राहिली. तिला हिरवा पट्टा. त्याला पिवळा, म्हणजे काठालगतच्या पाण्यातसुद्धा जॅकेट आणि जवळ प्रशिक्षक.

"अहो सर, जिल्ह्यात दुसरा आलाय तो!" वडील चिडले. आयोजक बाजूला घेऊन म्हणाले, "देऊन टाका हिरवा, होडीत जॅकेट असतंच की." जॅकेट सैल असलं तर पाण्यात कानापर्यंत वर सरकतं, हे त्यांना दर उन्हाळ्यात नव्याने सांगावं लागतं.

मुलानं मात्र विचारलं, "सर, मग मला पोहता येतं की नाही?"

"पुढे जाता येतं. थांबता येत नाही," मी म्हणालो. सगळ्यांसमोर हे बोलायला हवं होतं का, याचा विचार अजून करतोय. बोललो ते खरंच होतं.

कॅम्पमध्ये रोज सकाळी जॅकेट घालून, काठाच्या पाण्यात त्याला उताणं झोपवलं. छातीत हवा धर, कान बुडू दे, हनुवटी वर. कान बुडाले की तो दचकायचा. परतल्यावर तलावावर जॅकेटशिवाय पुन्हा घेतलं, तेव्हा बराच वेळ टिकला, पण मिनिट भरलं नाही. पट्टा पिवळाच राहिला.

पुढच्या वर्षी तरंगण्याची अट काढा, पालक नाराज होतात, असं आयोजकांचं म्हणणं आहे. अट काढली तर यादीवर माझी सही नसेल, एवढं मी त्यांना कळवलंय.